‘ब्रॉडकास्ट’ या शब्दाची कुळकथा

श्रोतेहो, या क्षणी माझा आवाज ज्या क्रियेने आपल्या घरात येत आहे, तिला इंग्रजीत ‘ब्रॉडकास्ट’ म्हणतात. यंत्रयुगात मिरवणारा हा शब्द जन्माने मात्र शेतकरी आहे. ‘ब्रॉड’ म्हणजे विस्तृत आणि ‘कास्ट’ म्हणजे फेकलेले. यांतील दुसरे पद नॉर्स दर्यावर्दींच्या भाषेतून इंग्रजीत आले.

इंग्लंडात जेथ्रो टल याने १७०१ च्या सुमारास ओळीने बी पेरणारे यंत्र रचले. तोवर तेथील शेतकरी बहुधा मुठीमुठीने बी रानभर उधळीत चाले. ओळीतली पेरणी रूढ होऊ लागली, तेव्हा जुन्या रीतीस वेगळे नाव हवे झाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘ब्रॉडकास्ट’ हे विशेषण त्या अर्थाने लिहिलेले आढळते. हा भेद आपल्या कुणब्यालाही ठाऊक आहे. तिफणीने पेरणे निराळे आणि बी फोकणे निराळे.

मग हा शब्द शेत सोडून आकाशात कसा गेला? मार्कोनीने १८९६ साली इंग्लंडात पेटंटासाठी अर्ज केला, तेव्हा बिनतारी विद्येचा हेतू एका ठिकाणचा निरोप दुसऱ्या ठिकाणी धाडणे एवढाच होता. परंतु लहरी चहूकडे पसरत आणि परका कानही तो निरोप ऐके. गुप्तता राखू पाहणाऱ्यांस हा मोठाच दोष वाटे. पुढे उमगले, की जिला आपण गळती म्हणतो, तीच पेरणी आहे! २ नोव्हेंबर १९२० रोजी अमेरिकेतील पिट्सबर्गच्या केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल, जो ऐकेल त्याच्यासाठी, सांगितले. लवकरच शेतातला शब्द या नव्या कर्मास जडला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईस केंद्र उघडले, तेही ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’चे.

मराठीने यासाठी ‘ध्वनिक्षेपण’ आणि ‘प्रसारण’ हे शब्द योजिले. एकात फेकणे आले, दुसऱ्यात पसरणे आले. बी मात्र दोहोंतून निसटले. मला त्याचीच चुटपुट लागते. फोकणाऱ्याला प्रत्येक दाण्याची जागा निवडता येत नाही. कोणता खडकावर पडला, कोणता ओलीत रुजला, हे त्याला त्या वेळी दिसत नाही. त्याच्या हाती एकच गोष्ट असते, ती म्हणजे मुठीतले बी पारखणे. तणाचे बीही त्याच मुठीतून तितक्याच सहजतेने पसरते. आणि सुटलेली मूठ, श्रोतेहो, परत घेता येत नाही.