हात तुटण्याआधीचं शास्त्र



  पुनर्रचना शस्त्रक्रिया आणि कृत्रिम अवयव यांचा आढावा परिषदेच्या अध्यक्षाने घ्यायचा, अशी प्रथा आहे. तो थोडक्यात घेतो. पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यात बोटं जोडण्यात माझी उभी हयात गेली. त्यातून साचलेलं आज बोलायचं आहे.

आपल्या विद्येची ओळख युरोपला पटली ती पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेने. इंग्रजी फौजेतला बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक कापलं गेलं. वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ते चित्रासह छापलं. आपण ही कथा अभिमानाने सांगतो. पण त्याच वृत्तात आहे की कावसजीचा एक हातही तोडला होता. नाक मिळालं, हात देणारा कुणी नव्हता.

आज आहे. 1965 मध्ये जपानी शल्यविशारदांनी तुटलेला अंगठा जोडला. 2015 मध्ये कोचीला देशातलं पहिलं हातांचं प्रत्यारोपण झालं. स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणारे हात आपल्याकडेही बसवले जातात. आढावा इथेच थांबवतो.

काल इथे वाद रंगला, की पंजा चिरडलेल्या तरुणाला बॅटरीवरचा हात द्यावा की पायाचं बोट काढून हाताला लावावं? माझं मत मला एका पेशंटने दिलं. धाराशिवकडचा मुलगा, निघोज्यातल्या एका छोट्या प्रेसशॉपमध्ये कंत्राटी हेल्पर. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. एका दानशूर गृहस्थांनी त्याला बॅटरीवरचा हात घेऊन दिला. पुढच्या तपासणीला आला तेव्हा हात घरी ट्रंकेत होता. म्हणाला, “साहेब, भाकरी गरम का गार, ते त्याला कळत नाही.” मग त्याच्या पायाचं दुसरं बोट काढून अंगठ्यासमोर बसवलं. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, त्याला घाई चालत नाही. काही महिन्यांनी त्या बोटाला चटका कळू लागला. आज तो त्याच हाताने पाना धरतो. प्रत्यारोपण करून दुसऱ्याचा हात लावला, तर शरीर तो परका मानतं. जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि त्यापायी जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचे आजार मागे लागू शकतात. निसर्गाने दिलेल्या हाताची बरोबरी अजून कशालाच नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

म्हणूनच मला संताप येतो. नवा हात घडवायला आपण इतके उत्सुक, आणि असलेला हात वाचवण्याबाबत गप्प. भोसरी, तळवडे, चाकणच्या छोट्या शेडमध्ये आजही पत्रा कापणारे पिन क्लचचे जुने प्रेस चालतात. एकदा पॅडल दाबलं की तो स्ट्रोक मध्येच थांबत नाही. हात आत गेल्याचं ओळखणारा महागडा सेन्सरही तिथे निरुपयोगी, कारण मशीनच थांबू शकत नाही. तिथे हवी डायपुढे लोखंडी जाळी, म्हणजे हात आत जाणारच नाही. क्लच झिजला की प्रेस आपोआप दुसरा स्ट्रोक मारतो. त्याला हवी वेळच्या वेळी देखभाल. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून दोन बटणं असली, तरी टार्गेटसाठी एक बांधून ठेवलं जातं. मशीनला संरक्षक आवरण असावं, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या 21 व्या कलमानेच सांगितलेलं होतं. आणि भरपाईच्या जुन्या तक्त्यात अख्खी तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के घटली, असा हिशेब आहे. पत्रा धरणाऱ्या माणसाची तर्जनी!

सहकारी म्हणतात, “हे काम कारखाना निरीक्षकाचं, आपलं नव्हे.” त्यांना एक प्रसंग सांगतो. माझ्या वॉर्डात शेजारच्या खाटांवरचे दोन कामगार बोलता बोलता एकाच प्रेसचे निघाले. पहिल्याचे टाके निघण्याआधीच दुसऱ्याला त्या मशीनवर उभं केलं होतं. जखमेची लांबी, रक्तप्रवाह, हाडाची अवस्था, सगळं केसपेपरवर होतं. मशीन कुठलं, जाळी होती का, कितवा तास, सलग दुसरी शिफ्ट होती का, यातलं एक अक्षर नव्हतं. ते विचारणारा पहिला सुशिक्षित माणूस आपणच असतो, आणि आपण विचारत नाही. जंतूचा शोध घेतल्याशिवाय साथीवर उपचार करणारा डॉक्टर आपण मान्य केला असता का?

अपघाताची ही माहिती टिपण्यासाठी परिषदेने एक सामाईक नोंदपत्रक करावं. त्याचा नमुना, ते कुठे जमा व्हायचं, पेशंटचं नाव गुप्त कसं राहील, हे कार्यकारिणीने ठरवावं. शक्य झाल्यास अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही बरोबर घ्यावं. मुलांनी रोबोटिक हाताइतकीच मेहनत स्वस्त जाळीवर घ्यावी, असं मला वाटतं.

पण नोंदपत्रकाची वाट पाहू नका. उद्या ओपीडीत चिरडलेलं बोट आलं, की ड्रेसिंग सोडण्याआधी त्या माणसाला विचारा: प्रेस कुठला, आणि त्याला जाळी होती का? उत्तर केसपेपरवर लिहा आणि खाली सही करा.