अर्जात आई कुठे आहे?

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर आजचा विषय ‘परदेशी व्हिसा : समज आणि गैरसमज’ असा छापला आहे. समज-गैरसमज पुष्कळ आहेत, पण मी आज एकाच गोष्टीसाठी उभा आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने जायला निघालेल्या आईचा व्हिसा नाकारला गेला, की घरात पहिला प्रश्न निघतो : पैसे कमी दाखवले का? तिकडून मुलगा म्हणतो, मी अजून पाठवतो. एजंट म्हणतो, खात्यात आणखी पाच लाख टाका. माझं म्हणणं असं आहे की बहुतेक अर्जांत पैसा पुरेसा असतो. त्यात आई नसते. मुलाचा पगार असतो, मुलाचं घर असतं, मुलाच्या कंपनीचं पत्र असतं. जी बाई विमानात बसणार आहे तिच्याबद्दल चार ओळीसुद्धा धड नसतात.

माझी सगळी नोकरी बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. जामीनदाराची कागदपत्रं ढीगभर आणि कर्जदाराचा नुसता फोटो, अशी फाईल टेबलावर आली तर मी काय केलं असतं? परत पाठवली असती. आपण वकिलातीत नेमकी तशीच फाईल देतो.

अमेरिकेचं मी सांगत बसत नाही. कलम २१४(ब) या सभागृहातल्या निम्म्या लोकांना पाठ असेल. (हशा) हसताय, म्हणजे अनुभव आहे. १९५२ सालच्या कायद्यातलं हे कलम आहे. येणारा माणूस कायमचाच राहायला येतोय असं गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवायचं. खिडकीपाशी दोन-तीन मिनिटं मिळतात, अपील नाही, फी परत नाही. मुंबईच्या वकिलातीत मराठीतून उत्तरं द्यायची सोय आहे, तरी आपण आईला इंग्रजी वाक्यं घोकायला लावतो आणि तिथे तिची बोबडी वळते. ते असो. मला कॅनडाबद्दल बोलायचं आहे, कारण तिथे पर्यटक व्हिसाला बहुधा मुलाखतच नसते. बोटांचे ठसे आणि फोटो देऊन आपण घरी येतो. पुढे जे काही बोलायचं ते कागदच बोलतो.

आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या एक बाई आहेत. नाव सांगत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा ब्रॅम्प्टनला, मुलगी कऱ्हाडला दिलेली. सुनेचे दिवस भरत आले म्हणून जायचं ठरलं. अर्ज मुलाने तिकडून आणि एजंटाने इकडून, असा दोघांनी मिळून भरला. बाईंनी सही केली. बाकी काही त्यांना विचारलं नाही, दाखवलंही नाही. काही आठवड्यांनी नकार आला. पत्रात छापील कारणं होती : भेटीचा उद्देश, आणि कॅनडातले व मायदेशातले कौटुंबिक बंध पाहता, मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री पटत नाही. त्यांच्या नियमावलीतला हा १७९ क्रमांकाचा नियम. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या : “मी तिथे कशाला राहीन हो? माझं सगळं इथे आहे.”

मी म्हटलं, तेच अर्जात कुठे लिहिलंय ते बघू.

आणि आम्ही बघितलं. प्रवासाच्या उद्देशापुढे लिहिलं होतं : पर्यटन, नायगारा धबधबा. (हशा) हसू नका. यात त्या बाईंचा काही दोष नाही. बाळंतपणाचं लिहिलं तर ‘कामाला येतेय’ असं समजतील, हे एजंटाने सांगितलेलं. खरं काय आहे? कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या स्वतःच्या मार्गदर्शनात, काम कशाला म्हणायचं नाही याची उदाहरणं दिली आहेत. त्यात मुलीच्या घरी पाहुणी आलेली आई मुलं सांभाळायला हातभार लावते, हे उदाहरण स्पष्ट आहे. जे उघडपणे सांगायची परवानगी आहे ते लपवलं, आणि साठीपुढची एकटी बाई हजारो मैलांवर धबधबा बघायला निघाली आहे असं चित्र उभं केलं. ते कुणाला पटणार?

पुढे व्यवसाय. ‘गृहिणी’. तीस-पस्तीस वर्षं खडूची धूळ खाल्लेल्या शिक्षिकेला गृहिणी करून टाकलं. दर महिन्याला सरकारी पेन्शन जमा होतंय, दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो, पेन्शन पेमेंट ऑर्डर ट्रंकेत नीट घडी करून ठेवलेली, आणि अर्जात त्याचा पत्ता नाही. त्याऐवजी पासबुकात अर्जाच्या आधी पंधरवड्यात एकदम जमा झालेली मोठी रक्कम. मुलाने पाठवलेली. ती कुठून आली याचा एक कागदही सोबत नाही. मी बँकेतला माणूस आहे, अशी नोंद दिसली की माझंही बोट त्याच ओळीवर थांबलं असतं. कुटुंबाच्या माहितीच्या फॉर्ममध्ये सगळी अपत्यं लिहायची असतात, इथे राहणारीसुद्धा. तिथे फक्त मुलगा. कऱ्हाडची लेक गायब! घरात नव्वदीच्या सासूबाई आहेत, त्यांचं सगळं या बाईच करतात, त्याचा कुठे उल्लेख नाही. नावावर भाताचं शेत आहे, सातबारा जोडलेला नाही.

मग मुलाला सांगितलं की अधिकाऱ्याने आत काय टिपण लिहिलंय ते मागव. आपल्या माहिती अधिकारासारखा तिथे कायदा आहे, पाच डॉलर फी. पण तो अर्ज तिथला नागरिक, कायम रहिवासी किंवा तिथे हजर असलेला माणूसच करू शकतो, म्हणून आईच्या सहीचं संमतीपत्र लावून मुलाने करायचा. जुलै २०२५ पासून काही नकारपत्रांसोबत हे टिपण खातं आपणहून जोडू लागलं आहे, तेव्हा आधी पत्राची पानं शेवटपर्यंत उलटा. या बाईंच्या प्रकरणातल्या टिपणात काय होतं? विधवा आहे, मुलगा तिथे आहे, उद्देश मोघम आहे, खात्यातल्या रकमेचा उगम दिसत नाही.

(सभागृहातून : “म्हणजे वकिलातीचं काहीच चुकत नाही म्हणता?”)

नाही, तसं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. वैधव्य हा कुणाच्या बाबतीत संशयाचा मुद्दा होतो, हे वाचताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा गेला म्हणून बाईचं गाव सुटत नाही, उलट सगळं घर तिच्यावर येतं. अधिकारी चुकतात, घाईत निर्णय देतात, एकाच घरातल्या दोन बहिणींना दोन न्याय मिळतात. त्याविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात जाता येतं. कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाला साठ दिवसांची मुदत असते. कोर्ट व्हिसा देत नाही, निर्णय अवाजवी ठरला तर प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवतं. खर्च वकिलाचा, आणि तो मोठा. मी अधिकाऱ्यांची बाजू घ्यायला उभा नाही. मी एवढंच म्हणतो की अन्याय झाला असं म्हणण्याआधी त्यांना आपण काय दिलं होतं ते बघा. बाईंनी दिलेलं काहीच त्यांच्यापुढे नव्हतं.

दुसरा अर्ज बाईंनी स्वतः केला. मुलाला वाईट वाटलं. त्याचं म्हणणं, आईला यातलं काय कळतं? बाई माझ्या टेबलापाशी बसून फोनवर त्याला म्हणाल्या, “अरे, शाळेची दप्तरं मी भरत होते, शेरा मारायला साहेब मुंबईहून यायचे.” त्यांनी मराठीत पत्र लिहिलं, त्याचं इंग्रजी भाषांतर करून भाषांतरकाराचं शपथपत्र लावलं. सरळ लिहिलं : नातू झाला आहे, बारशाला पोचता आलं नाही, आता त्याला बघायचं आहे, सुनेला हातभार लावायचा आहे. एप्रिलमध्ये जाईन, गौरी-गणपतीच्या आत परत येईन, कारण घरच्या गौरी मीच बसवते. तोवर सासूबाईंना नणंद बघेल, असं नणंदेचं पत्र. पेन्शनचे कागद, वर्षभराचं पासबुक जसं आहे तसं, सातबारा, लेकीचा पत्ता, नातवाचा जन्मदाखला. पहिला नकार ‘होय’ म्हणून लिहिला. हे फार महत्त्वाचं आहे. आधीचा नकार लपवू नका, कुठल्याही देशाचा. अमेरिका आणि कॅनडा एकमेकांना अर्जदारांची माहिती देतात, आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडात पाच वर्षं दार बंद.

व्हिसा मिळाला. सगळ्यांना मिळेल असं मी सांगत नाही, काही चांगले अर्जही फेटाळले गेलेले मी पाहिलेत. पण तेव्हा निदान कुणाचा अर्ज फेटाळला गेला हे तरी कळतं.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं? बरं, पाच. (हशा) ब्रिटनचं राहिलं. तिथे कुटुंबाला भेटायला येणाऱ्यांचा अपिलाचा हक्क १९९३ मध्ये काढला, २००० मध्ये परत दिला, २०१३ मध्ये पुन्हा काढला. यावर एक वेगळं व्याख्यान होईल. आज एवढं लक्षात ठेवा की ब्रिटनच्या नकारपत्रात कारणं सविस्तर असतात, आणि ती मुलाने नव्हे, ज्यांचा अर्ज आहे त्यांनी वाचायची.

हो, कॅनडाचा सुपर व्हिसा, आई-वडील आणि आजी-आजोबांसाठीचा. विचारलंत ते बरं झालं. मुलगा किंवा नातू तिथला नागरिक अथवा कायम रहिवासी असेल तरच. नुसत्या वर्क परमिटवर असेल तर नाही. २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मुलाचं किमान उत्पन्न दाखवावं लागतं, निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा आणि वैद्यकीय तपासणी लागते. हप्ता वय आणि तब्येतीप्रमाणे चढत जातो, तेव्हा आधी चौकशी करा. आणि एक गैरसमज काढून टाका : सुपर व्हिसालाही अधिकारी मायदेशातले बंध बघतातच. मुलाचा पगार कितीही असो, तिथेही तुमचं इथलं आयुष्य कागदावर लागतंच.

आणखी दोन मुद्दे होते, ते सोडतो. अध्यक्षांना बोलायला वेळ हवा.

नकार आलेला असेल तर आधी तो कधी कळला ती तारीख बघा, कॅनडाच्या कोर्टाचे साठ दिवस तिथूनच धावू लागतात. तोच अर्ज, तेच कागद, नवी फी, असं लगेच करू नका. दर बुधवारी संध्याकाळी मी संघाच्या खोलीत बसतो, पैसे घेत नाही. येताना नकारपत्र आणा, भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत आणा, एजंटाकडे असेल तर त्याच्याकडून मागून घ्या. आणि ज्यांचा अर्ज आहे त्यांना घेऊन या. मुलाला फोन आपण नंतर लावू.