नक्कल दुसऱ्यांदा देताना

महाराष्ट्रात संगणकावरून काढलेला सातबारा उतारा त्या दिवशीच्या नोंदी दाखवितो. पुढे फेरफार होतात, नावे बदलतात. शेतकऱ्याने जुन्या उताऱ्याची प्रत मागितली असता आजच्या नोंदींवरून नवा पीडीएफ काढून देणे म्हणजे नक्कल देणे नव्हे. तो दुसराच दस्तऐवज होय. दाव्यात त्याचा काय उपयोग? माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ प्रमाणे अभिलेख मूळ स्वरूपात, अथवा मूळ मजकूर अचूक दर्शविणाऱ्या स्वरूपात जतन करावयाचा असतो. यास्तव निर्गमित केलेली फाईल डिजिटल स्वाक्षरीसह तशीच ठेवावी व मागणी येताच तीच द्यावी. स्वाक्षरी खाडाखोड रोखीत नाही. ती झाल्याचे उघड करते, तेही फाईलमध्येच. छापील कागदावर पडताळणी क्रमांकाचाच आधार, आणि तो मूळ फाईल कचेरीने जपली असेल तरच.