किंमत मोजून सोडवलेला जीव

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



धुळ्यात आमचं जुनं घर पांझरेपासून दोन गल्ल्या अलीकडे होतं. नागपंचमीला सकाळी आंघोळी आटोपायच्या आत पुंगी ऐकू यायची. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा अजून यायचा होता, आणि दारात जिवंत नाग येणं यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्या वर्षी गारुड्याने टोपलीचं झाकण काढलं, तरी नाग उठेना. त्याने झाकणाच्या कडेने टोचलं, तेव्हा फणा अर्धवट उघडला आणि पुन्हा वेटोळ्यावर पडला. मी आजीच्या पदराला धरून अगदी जवळ उभी होते. नागाच्या जबड्याचे दोन्ही कोपरे सुजून पिवळट झाले होते आणि एका बाजूने काळ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं. तोंड शिवलेलं होतं.

आजीलाही ते दिसलं. तिने दुधाची वाटी मागे सारली, कनवटीची पिशवी सोडली, पाच रुपयांची नोट काढली आणि म्हणाली, "तेले सोडी दे रे भाऊ." पाच रुपये ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. गारुड्याने आमच्यासमोर दोरा कापला आणि नाग नदीकाठच्या दगडांत सोडला. आजीने हात जोडले. दुसऱ्या दिवशी मी आणि भाऊ बघायला गेलो. नाग सोडल्या जागेपासून दोन हातांवर पडला होता, डोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. आजीला आम्ही हे सांगितलं नाही.

पुढच्या नागपंचमीला तोच गारुडी वाटेतली सगळी घरं सोडून थेट आमच्या दाराशी आला आणि म्हणाला, "आजी, यंदा दोन आणलेत."

मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण या एका वाक्याचा अर्थ कळायला मला फार वर्षं लागली. आजीने दया केली होती, आणि तिच्या दयेचा गारुड्याने लावलेला अर्थ होता मागणी. त्याच्या दृष्टीने आमच्या घराने एक नाग विकत घेतला होता. तो टोपलीत ठेवला की नदीकाठी सोडला, याच्याशी त्याला काय करायचं होतं?

अकरा वर्षांपूर्वी मी स्वतः तेच केलं, म्हणून आज इथे उभी आहे. मे महिना होता, जळगावात पारा पंचेचाळीसच्या आसपास. लग्नाच्या खरेदीला गेले होते. बाजारात रंगीत मासे आणि पोपटांचे पिंजरे असलेलं एक दुकान होतं. बाहेर पायरीवर निळा प्लॅस्टिकचा टब, त्यात बोटभर पाणी, आणि रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी हिरवी कासवं, वीस-पंचवीस. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली ती स्लायडर कासवं. तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. कुणी मुलांसाठी घेतं, कुणी वास्तूत ठेवलं की पैसा येतो म्हणून घेतं. एक पिल्लू कडेला अंगावर दुसरी चढत असतानाही हलत नव्हतं. उचललं तर दोन्ही पापण्या मटारच्या दाण्यासारख्या सुजून मिटलेल्या. पोटाकडचं कवच अंगठ्याने दाबलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं. पापण्या सुजणं म्हणजे अ जीवनसत्त्वाचा अभाव, कवच मऊ पडणं म्हणजे कॅल्शियम आणि उन्हाचा. खानदेशात, मे महिन्यात, त्या जिवाला हवं तसं सकाळचं कोवळं ऊन कुणी दिलं नव्हतं. दुपारी मात्र टब तापत होता.

मी दुकानदाराला म्हटलं, हे मरेल. तो तरुण मुलगा होता, वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, दहा मागवले की दोन-तीन जातातच. ते धरूनच भाव लावतो. हे न्यायचं असेल तर निम्म्यात न्या." मी निम्म्यात नेलं. बसमध्ये डबा मांडीवर धरून बसले होते आणि मनात समाधान होतं. पंधरा दिवसांनी पुन्हा जळगावला गेले तेव्हा त्या पायरीवर दोन टब होते.

'ते धरूनच भाव लावतो' हे त्याचं वाक्य मी नंतर अनेकदा मनात फिरवलं. त्या धंद्यात मरणारी पिल्लं आधीच हिशेबात धरलेली असतात. टब गलिच्छ ठेवला, ऊन दिलं नाही, खायला नुसत्या सुक्या गोळ्या टाकल्या, तर त्याची शिक्षा दुकानदाराला एकाच मार्गाने होते: माल मरतो आणि पैसे बुडतात. मी जे आजारी पिल्लू नेलं ते त्याचं बुडीत खातं होतं. धडधाकट कासव कुणीतरी नेलंच असतं. मरणारं कासव कुणी नेलं नसतं, आणि ते मी नेलं. म्हणजे निष्काळजीपणाचा जो थोडाफार फटका त्याला बसला असता, तो मी माझ्या पैशाने भरून दिला. सुटकेच्या भावनेने केलेल्या खरेदीतला मला दिसलेला खरा दोष हा आहे. एक जीव घेतला की दुसरा मागवला जातो, इतकंच असतं तर गोष्ट वेगळी. पण ही खरेदी नेमकी हेळसांडीला बक्षीस देते.

आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत हे जास्त खोल जातं. उपाशी कुत्रं ओरडतं, गाय हंबरते. कासव आणि साप शरीराची ऊब बाहेरून घेतात, थोडक्या अन्नावर आठवडेच काय, महिने काढतात, आणि भूक लागली, दुखलं-खुपलं तरी ओरडत नाहीत. लांबून पाहिलं तर आजारी कासव आणि निवांत कासव सारखंच दिसतं. त्यामुळे त्यांची हेळसांड दुकानात खपून जाते, घरात खपून जाते, आणि आपल्या लक्षात येते तेव्हा बहुतेक वेळा महिना-दोन महिने उलटून गेलेले असतात.

आता हे स्लायडर आलं कुठून? अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातून. 1989 ते 1997 या काळात अमेरिकेतून पाच कोटींहून अधिक पिल्लं जगभर गेली. खुद्द अमेरिकेने मात्र 1975 मध्येच चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला बंदी केली होती, कारण ती तोंडात घालून मुलांना साल्मोनेलाचा आजार होत होता. युरोपीय संघाने 1997 मध्ये आयात थांबवली. आपल्याकडे ती पायरीवरच्या टबात आहेत. नाण्याएवढं पिल्लू वाढून ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, घाण करतं, चावतं. मग एका रविवारी घरचे लोक ते पिशवीत घालून जळगावच्या मेहरुण तलावावर किंवा धुळ्याच्या नकाणे तलावावर नेतात आणि मुलाला सांगतात, बघ, आपण त्याला मोकळं केलं.

हे दुसरं पाप आहे आणि ते पुण्य म्हणून केलं जातं. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवजातींच्या यादीत हे कासव आहे. ते काहीही खातं, उन्हं घ्यायची जागा बळकावतं, आणि तापीच्या खोऱ्यात, आपल्या शेततळ्यांत आणि भातखाचरांत पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या पाणकासवाच्या वाट्याचं घेतं. केरळात त्रिशूरजवळच्या एका ओढ्यात 2018 मध्ये ते सापडलं, त्यानंतर पीची इथल्या वनसंशोधन संस्थेला लोकांना आवाहन करावं लागलं की तुमच्याकडची कासवं आम्हाला आणून द्या, पाण्यात सोडू नका.

देशी जीव असेल तर प्रश्न वेगळा, आणि सोपा आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव, आपलं पाणकासव, घोरपड, मांडूळ, यांपैकी काहीही कुणी विकत असेल तर दया म्हणूनही पैसे देऊ नका. 2022 च्या दुरुस्तीनंतर स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे किमान शिक्षा तीन वर्षांची आहे, आणि विकणारा जितका दोषी, तितकाच घेणारा. मी वाचवायला घेतलं, हे न्यायालयात सिद्ध करत बसावं लागेल. दक्षिणेतल्या एकाच व्यापारकेंद्राच्या अभ्यासात वर्षाला किमान 55,000 स्टार कासवं रानातून उचलली जात असल्याचं 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. रोज दीडशे. असा जीव दिसला तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक फिरवा. चुकून हाती आलाच तर कायद्याने 48 तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनअधिकाऱ्याला कळवायचं असतं. मांडुळाच्या बाबतीत मला शेतकरी बांधवांना कळकळीने सांगायचं आहे. शेतात मांडूळ सापडलेल्या पोराला शंभर रुपये देऊन ते परत सोडायला लावलंत, तर पोराला कळतं की मांडुळाचे पैसे मिळतात. तो उद्या नांगराच्या तासामागे नजर ठेवून हिंडतो. त्याला पैसे देऊ नका, त्याच्याबरोबर बांधापर्यंत चाला, आणि मांडूळ नसतं तर उंदरांनी केळीचं काय केलं असतं ते त्याला दाखवा.

पण स्लायडरसाठी 1926 फारसा उपयोगी नाही, कारण ते आपल्या रानातलं नाही. उरतो 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, म्हणजे कासवही आलं. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. निम्म्यात घेतलेल्या माझ्या कासवालाही मी त्याहून जास्त मोजले होते. 2018 पासून पेट शॉपच्या नोंदणीचे नियम आले आहेत, आणि जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था असायला हवी असंही नियमात आहे. तक्रार लेखी द्या, फोटो जोडा, पोच घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण ते कुणीतरी केल्याशिवाय टब हलत नाही.

मला ठाऊक आहे, तुमच्यापैकी काहींना हे कठोर वाटत असेल. आपल्याकडे जीव सोडवण्याची परंपरा मोठी आहे. जैन बांधवांच्या पांजरपोळांनी शेकडो वर्षं म्हातारी, लंगडी जनावरं सांभाळली, आणि पारध्याच्या जाळ्यातले पक्षी पैसे देऊन सोडवणं हे पुण्यकर्मच मानलं गेलं. माझ्या आजीने त्याच संस्कारातून नोट काढली. समोर एक जीव तडफडतो आहे, आणि मी म्हणते की उद्याच्या वीस जिवांसाठी याला मरू द्यावं. हे म्हणण्याचा अधिकार मला कुणी दिला? त्या पिल्लाचा काय अपराध? दुकानदाराला धडा मिळावा म्हणून त्याने का मरावं?

या प्रश्नाला माझ्याकडे निखळ उत्तर नाही. सुदानमध्ये 1990 नंतर काही संस्थांनी गुलाम माणसं पैसे मोजून सोडवली, तेव्हा जगभर हाच वाद झाला, आणि तिथे तर समोर माणसं होती. मला एवढंच सांगता येतं की पैसे आणि जीव या दोन गोष्टी सुट्या करता येतात. पांजरपोळाने जनावर आणताना बहुतेक वेळा ते विकत घेतलेलं नसतं, लोकांनी आणून सोडलेलं असतं. मी आता दुकानात तेच करते. मरायला टेकलेलं पिल्लू दिसलं की म्हणते, हे मला फुकट दे, मी औषध करते, पैसे देणार नाही. दहापैकी तीन-चार दुकानदार देतात, कारण मेलेलं टाकण्यापेक्षा ते बरं. काही हाकलून देतात. हाकलून दिलं की मी रिकाम्या हाताने बाहेर येते आणि त्या दिवशी जेवण जात नाही. हे मी लपवत नाही. फुकट मिळालेलं पिल्लूही दुकानदाराच्या हिशेबात बुडीतच राहतं, माझा रुपया तिथे पडत नाही.

गारुडी आज धुळ्याच्या गल्ल्यांत का दिसत नाहीत? आजीसारख्या कुणी सगळे नाग विकत घेऊन सोडले म्हणून नव्हे. कायदा आला, पोलीस टोपल्या उचलू लागले, शाळांतून मुलांना कळलं की साप दूध पीत नाही, तहानेने व्याकुळ केलेला साप समोर येईल तो द्रव ओढतो आणि त्या दुधाने मरतो. घराघरांतून वाटी बाहेर येईनाशी झाली.

माझ्या पहिल्या कासवाचं काय झालं, असं पुढच्या रांगेतली मुलगी मघापासून खुणेने विचारते आहे. ते जगलं. इथल्या गुराढोरांच्या डॉक्टरांनी पुस्तकं चाळून औषध दिलं, आठ दिवसांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. आता त्याचं कवच माझ्या वितीपेक्षा मोठं आहे. ते जगलं म्हणून मी बरोबर ठरत नाही, आणि मी चुकले म्हणून त्याचं जगणं कमी मोलाचं होत नाही. ते आणखी वीस वर्षं जगेल, मी अडुसष्ट वर्षांची आहे. तळ्यात सोडणं मला शक्य नाही. नाशिकची माझी भाची ते सांभाळायला तयार झाली आहे. तिच्या गॅलरीत सकाळी साडेसात ते दहापर्यंत ऊन येतं. मागच्या रविवारी आम्ही तिथे टेप लावून टाकीची मापं घेतली: चार फूट लांब, दोन फूट रुंद, आणि एका कोपऱ्यात वर येऊन बसायला फरशीचा उतार.