चवदार तळे : ठराव आणि मन

जयपूरच्या तिलक नगरापासून फार दूर नसलेल्या उच्च न्यायालयाच्या आवारात 1989 साली मनूचा पुतळा बसविण्यात आला. त्याच वर्षी न्यायाधीशांच्या सभेने तो हलवावा असे ठरविले. परंतु त्या निर्णयास आव्हान दिले गेले आणि अंमलबजावणी थांबली. जेथे राज्यघटनेच्या आधारे न्याय दिला जातो, त्याच दारी मनूलाही जागा असावी असे सुशिक्षित माणसांना वाटावे, याचे केवळ नवल करून भागत नाही. माणसाचे मन न्याय कशाला म्हणते, हे पाहावे लागते. आणि त्यासाठी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, महाडला जावे लागते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली संमत केला. महाड नगरपालिकेने 1924 साली त्यानुसार चवदार तळे खुले केले. कागदावर प्रश्न सुटला. तरीही तीन वर्षे त्या पाण्याला कोणी अस्पृश्य शिवला नाही. मनाई उठली होती, पण भय उठले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला दूर उभे केले, त्याचे पाऊल ठरावाने पुढे पडत नाही.

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले आणि त्यांच्यामागून सहस्रावधी लोकांनी. आता मंदिरातही शिरणार, अशी आवई उठली आणि परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या. पुढे 108 घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळे शुद्ध करण्यात आले. ज्या तळ्यावर गुरेढोरे निर्धोक पाणी पीत, ते माणसाच्या स्पर्शाने विटाळले! येथे युक्तिवाद चालत नाही, कारण विटाळ हा विचार नव्हे. ती लहानपणी अंगात भिनलेली किळस आहे. मन आधी शहारते आणि मागाहून त्या शहाऱ्याला धर्माचे व न्यायाचे नाव देते. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

आंबेडकरांनी या व्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिचे बळ केवळ वरच्यांच्या जुलमात नाही. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली पाहावयास कोणीतरी उरते, आणि त्या अल्पशा मोठेपणाच्या मोबदल्यात तो वरच्याचा भार सोसतो. शिडी मोडली तर आपली पायरीही जाईल, ही धास्ती त्याला शिडीचा राखणदार बनविते.

तथापि मन बदलतच नाही, असेही नव्हे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडास मनुस्मृती जाळण्यात आली, तेव्हा दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

सवर्ण वादी मात्र न्यायालयात गेले होते. रूढी अनादि आहे, एवढाच मुख्य आधार. मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी ती सिद्ध झाली नाही असा निर्णय दिला. पहिली ओंजळ घेतल्याला तेव्हा दहा वर्षे होण्यास तीन दिवस उणे होते.

1950 साली राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. ऑक्टोबर 2018 मध्ये औरंगाबादहून गेलेल्या दोन स्त्रियांनी जयपूरच्या त्या पुतळ्यास काळे फासले. त्यांना अटक झाली. पुतळा होता तेथेच राहिला.