पिल्ले कोठून आणावीत?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



कार्यवाह बाईंनी मला आज चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. माझ्या आधी शाळेच्या बाई बोलणार, माझ्यानंतर डॉक्टरीणबाई बोलणार. मध्ये मी काय कोंबड्या हाकू?" त्या म्हणाल्या, "तेच करा. कोंबड्यांवरच बोला." तेव्हा विषय त्यांचा आणि चुकले-माकले ते माझे, असे समजून ऐकून घ्यावे.

गेल्या वर्षात मंडळातल्या पाचसहा जणींनी मला एकच प्रश्न विचारला, "वहिनी, आम्हालाही दहा कोंबड्या पाळायच्या आहेत, पिल्ले कोठून आणावीत?" माझ्या खुराड्यात रोज अंडी निघतात, म्हणून तुम्ही मला जाणती समजता. पण मी जाणती कशी झाले, ते आजवर मी सभेत सांगितले नव्हते. आज सांगते, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्राचे दिवस होते. आमच्या गल्लीतल्या पाच जणींनी भिशीचे पैसे आल्यावर प्रत्येकी दहा पिल्ले घ्यायची असे ठरवले. माहेरी कोंबड्या होत्या म्हणून खरेदी माझ्याकडे आली. दोन दिवसांनी संध्याकाळी एक माणूस मोटारसायकलच्या मागे जाळीचे खोके बांधून गल्लीत आला. "वनराजाची पिल्ले, पंधराला एक. उद्या येणार नाही," म्हणाला. पिल्ले चिवचिवत होती, दिसायला गोजिरवाणी होती, आणि भावही बरा वाटला. कोठून आणली, केव्हा अंड्यातून निघाली, लस दिली का, यातले एक अक्षर मी विचारले नाही. पन्नास पिल्ले मोजून घेतली आणि मोठी फुशारकीने घरोघर वाटली.

पाचव्या दिवशी पिल्ले डोळे मिटून कोपऱ्यात गोळा होऊ लागली. मग हिरवट हगवण, चोच उघडी टाकून धाप, आणि काहींच्या तर माना पिळवटल्या. पंधरा दिवसांत पन्नासांपैकी नऊ उरली.

एवढ्यावर भागते तर मी आज उभी राहिले नसते. आमच्या शेजारी अक्का राहतात. त्या विड्या वळतात. त्यांच्या पाच गावरान कोंबड्या आमच्याच नळाखालचे पाणी पीत, आमच्याच दारात दाणे टिपत. त्या अंड्यांच्या पैशांतून नातीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघे. आमची पिल्ले मेली त्याच पंधरवड्यात अक्कांच्या पाचांपैकी चार कोंबड्या माना टाकून मेल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितले, ही मानमोडी. बाहेरून आलेल्या पिल्लांबरोबर रोग आला.

अक्का भांडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "पिल्लं घेतलीस ग, पण त्यांची आई बघितली होतीस का?"

बाकीच्या चौघींचे पैसे मी हळूहळू परत केले. अक्कांना पैसे द्यायला गेले तर त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "कोंबडीचे पैसे नकोत, कोंबडी दे." आता त्यांना पुन्हा रोगट कोंबडी कशी देणार? म्हणून मी दवाखान्यात, कृषि विज्ञान केंद्रात, जाणत्या लोकांकडे विचारत फिरले. जे कळले ते असे.

आपल्याकडे म्हण आहे, खाण तशी माती. पिल्लाची आई बघायची म्हणजे ज्या कळपाची अंडी उबवली तो कळप बघायचा. हे नुसते बोलणे नाही. पांढऱ्या हगवणीचा एक रोग, ज्याला पुलोरम म्हणतात, तो आईच्या पोटातूनच अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात उतरतो. पिल्लू कितीही जपले तरी तो आधीच आत असतो. म्हणून चांगल्या उबवणी केंद्रात अंडी देणाऱ्या कळपाचे रक्त तपासतात. मानमोडीचे तसे नाही. ती विष्ठेने, खोक्यांनी, पोत्यांनी, आपल्या चपलांनीसुद्धा पसरते. कुमाऊंतल्या राणीखेत गावी १९२७ साली हा रोग दिसला, म्हणून डॉक्टर लोक त्याला राणीखेत म्हणतात. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. दहा ठिकाणची पिल्ले एका न धुतलेल्या खोक्यात घालून गावोगाव फिरवली तर काय होणार, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मग पिल्ले मिळण्याची ठिकाणे कोणती? राज्य शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुण्याजवळ खडकीला, कोल्हापूरला, छत्रपती संभाजीनगरला आणि नागपूरला आहेत. तेथे परसात वाढणाऱ्या सुधारित जातींची पिल्ले मिळतात, पण गेले आणि घेऊन आले असे होत नाही. आधी नाव नोंदवावे लागते. आपल्याला हैदराबादही जवळ. तेथे राजेंद्रनगरला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे कुक्कुट संशोधन संचालनालय आहे. वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती तेथेच तयार झाल्या. आपल्यातल्या पुष्कळ जणींचे नातेवाईक त्या बाजूला आहेत, तेव्हा चौकशी करणे अवघड नाही. आपल्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग आहे. खेड आणि मोहोळ येथे कृषि विज्ञान केंद्रे आहेत. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत निम्म्या अनुदानावर एक दिवसाच्या १०० पिल्लांचा गट, किंवा आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ कोंबडे यांचा गट दिला जात आला आहे. अर्ज केव्हा निघतात हे दरवर्षी विचारावे लागते, आणि कागदपत्रांना कंटाळू नये.

खासगी उबवणी केंद्रे सगळी वाईट असे मी म्हणणार नाही. चांगली पुष्कळ आहेत. पण जो पावती देतो, लसीची तारीख लिहून देतो आणि काही बिघडले तर परत भेटतो, त्याच्याकडूनच घ्यावे. जत्रेत रंगवलेली पिल्ले विकतात ती तर मुळीच घेऊ नयेत. ती बहुधा अंड्यांसाठी पाळायच्या जातीचे नर असतात. उबवणी केंद्राला नको असतात म्हणून ती स्वस्त मिळतात. मुलांचे मन दोन दिवस रमते आणि तिसऱ्या दिवशी रडारड.

आणखी एक सावधगिरी. "पिल्ले आम्ही देतो, अंडी आणि कोंबड्या चढ्या भावाने आम्हीच परत घेतो," असे कोणी म्हटले तर पैसे काढण्याआधी रात्रभर विचार करावा. झाबुआकडच्या काळ्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पक्षी खरोखर चांगला. पण त्याच्या नावावर सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीने असेच वचन देऊन लोकांकडून पैसे घेतले, आणि २०१९ मध्ये किती शेतकरी बुडाले हे आपण वर्तमानपत्रात वाचले आहे. बाजारात तुरी, अशातली ती गत.

आता जातीविषयी थोडे. आपली गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, वनराजा शंभर-एकशेदहा, आणि ग्रामप्रिया नीट सांभाळली तर १६० ते १८०. आकडे ऐकून सगळ्या ग्रामप्रियाकडे धावू नका. या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणजे पुढची पिल्ले त्या काढत नाहीत, आणि तुम्ही त्यांची अंडी दुसरीखाली ठेवलीत तरी पिल्ले आईसारखी अंडी देतीलच असे नाही. गावरान कोंबडी अंडी कमी देते, पण दहा-बारा अंड्यांवर एकवीस दिवस बसून तुमचे खुराडे स्वतः भरून देते. ज्यांना थोड्याच कोंबड्या हव्यात त्यांनी शेजारच्या निरोगी कळपातली चार-पाच दिवसांची ताजी अंडी घेऊन खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. याहून खात्रीचे ठिकाण दुसरे नाही. तेथे आई समोरच असते.

विकत घ्यायचीच असतील तर पाच प्रश्न विचारावेत. अंडी कोणत्या कळपाची? पिल्ले केव्हा निघाली? पहिल्या दिवशीची मरेक्सची लस मानेत टोचली का? जात कोणती? नर-मादी वेगळे केले आहेत की सरमिसळ? सरमिसळ असतील तर निम्मे कोंबडे धरावेत. दहा अंडी देणाऱ्या हव्या असतील तर वीस पिल्लांचा हिशेब करावा. मग पिल्लू हातात घेऊन पाहावे. डोळे टवटवीत, पाय चकचकीत, बेंबी सुकलेली, मागची बाजू स्वच्छ, आणि खाली ठेवले की लगेच उभे राहणारे असावे. जो विकणारा पिल्लू हातात घेऊ देत नाही, त्याला रामराम करावा.

अंड्यातला पिवळा बलक पोटात असल्यामुळे पिल्लू पहिले दोन-तीन दिवस दाण्यावाचून निभावते. म्हणूनच ते लांबून आणता येते. अमेरिकेत तर १९१८ पासून टपालाने पिल्ले पाठवतात. पण तेवढ्यावर विसंबून चैत्र-वैशाखात आपल्या सोलापूरच्या उन्हात पिल्ले आणू नका. माझी दुसरी चूक तीच होती. पाऊस पडून हवा निवली की आणावीत, आणि प्रवास रात्रीचा किंवा पहाटेचा करावा. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ९५ अंशाची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी. म्हणजे दिवा हवा, आणि वीज गेली तर रात्री उठणेही आले. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी एक दिवसाचे पिल्लू घेऊच नये. आठ आठवड्यांची, लसी झालेली तलंग घ्यावी. किंमत जास्त पडते, पण मेलेल्या स्वस्त पिल्लापेक्षा जिवंत महाग तलंग परवडते.

आता ज्यासाठी मी एवढे बोलले ते सांगते. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची पहिली लस डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंबाने द्यायची, चौदाव्या दिवशी गंबोरोची, चौथ्या आठवड्यात मानमोडीची पुन्हा, आणि पुढे सहाव्या ते आठव्या आठवड्यात देवीची व मानमोडीची टोचायची. लसीची कुपी शंभर-दोनशे पिल्लांची असते. ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा पाणी मिसळले की दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी एकटी बाई ती कशी आणणार? ती आणत नाही. आणि तिची पिल्ले मेली की शेजारणीच्याही मरतात. आमच्या गल्लीत तेच झाले.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की पिल्ले एकेकटीने घेऊ नयेत. ज्यांना हवी त्यांनी आषाढाआधी कार्यवाह बाईंकडे नावे द्यावीत. मंडळाच्या नावाने एकाच केंद्रात एकाच दिवशी नोंदणी करू, एकाच दिवशी आणू, म्हणजे लसही एकाच दिवशी देता येईल. दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना आपण आधी सांगून ठेवू. नवी पिल्ले तीन आठवडे जुन्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवायची, हा नियम सर्वांनी पाळायचा. आणि कोणाच्या घरी एकदम दोन-चार पक्षी मेले तर लाजेने लपवायचे नाही, त्याच दिवशी दवाखान्यात कळवायचे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मोठ्या फार्मांबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, आणि रोग झाकला म्हणून तो थांबत नाही.

अक्कांचे काय झाले ते राहिलेच. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही दोघींनी खुराडी खरडून चुना लावला आणि तीन महिने नवा पक्षी आणला नाही. मग माझ्या माहेरच्या गावाहून लस दिलेल्या चार गावरान तलंगा आणल्या. आधी तीन आठवडे माझ्या गच्चीवर ठेवल्या आणि मग अक्कांच्या दारात नेल्या. अक्कांनी एकेकीला उचलून पाय पाहिले, डोळे पाहिले आणि विचारले, "हिची आई बघितलीस?" मी म्हटले, "होय अक्का, आई बघितली, आजीसुद्धा बघितली." तेव्हा त्या हसल्या. आज त्यांच्याकडे अकरा कोंबड्या आहेत, आणि नात दहावीला आहे.

भगिनींनो, भाव विचारायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. भाव विचारण्याआधी आई विचारा, एवढेच माझे मागणे.