वारशानें आलेलें घड्याळ : खरें कीं खोटें?

वडिलार्जित दागिना सोनारानें कसोटीवर घांसला कीं त्याचा कस कळतो. वडिलार्जित मनगटी घड्याळाची परीक्षा इतकी सोपी नाहीं. कपाटांतून आजोबांचें ओमेगा किंवा रोलेक्स निघालें म्हणजे घरांतील मंडळी तबकडीवरील नांव वाचतात आणि तेथेंच निकाल देतात. वस्तुतः नांव हा सर्वांत दुबळा पुरावा होय. कारण तें रंगाचें काम आहे, आणि तें कोणाही कुशल कारागिरास साधतें.

जाणता परीक्षक तबकडी, केस व आंतील यंत्र हे तीन भाग निरनिराळे पाहतो. तिन्ही एकाच काळाचे व एकमेकांस अनुरूप असावे लागतात. झांकण अनुभवी घड्याळजीकडूनच उघडवावें. जुन्या ओमेगाच्या यंत्रावर अनुक्रमांक कोरलेला असतो व त्यावरून घडणीचा काळ अजमावतां येतो. स्वित्झर्लंडमध्यें १९९५ पूर्वीं घडलेल्या अठरा कॅरेट सोन्याच्या केसवर हेल्व्हेशिया या राष्ट्रदेवतेच्या मस्तकाचा छाप पाहावयास मिळतो. केसचा काळ एक आणि यंत्राचा दुसरा निघाला, तर शंकेस जागा आहे.

अंधारांत चमकणारे अंकही साक्ष देतात. १९४० च्या सुमारास असे अंक रेडियमच्या लेपानें रंगवीत. रेडियमचें अर्धायुष्य सुमारें १६०० वर्षें. परंतु त्याच्या संगतींतील झिंक सल्फाइड कांहीं दशकांतच निस्तेज होतें. म्हणून त्या काळचें म्हटलेलें घड्याळ आज रात्रभर लखलखत असेल, तर लेप मागाहून दिलेला समजावा. तेज गेलें तरी किरणोत्सर्ग राहतोच. यास्तव अशी तबकडी घरीं खरवडूं नये.

येथें एक विवेक अवश्य आहे. मुंबई-कोंकणच्या दमट पावसाळी हवेंत तबकडी डागळली, कीं मालक ती पुन्हां रंगवून घेत. त्यांत कपट नव्हतें; घड्याळ रोज वापरावयाचें होतें. अशा घड्याळास खोटें ठरवून वडिलांच्या सचोटीविषयीं संशय घेणें अन्यायाचें होईल. मात्र तेंच घड्याळ मूळ तबकडीचें म्हणून विकणें हें असत्य होय.

या शास्त्रांत निष्णातही फसतात. नोव्हेंबर २०२१ मध्यें जिनिव्हाच्या एका लिलावांत १९५७ चें म्हणून मांडलेलें ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किंमतीस गेलें. विकत घेणारी खुद्द ओमेगा कंपनीच होती! तें निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनविलेलें होतें, असें २०२३ मध्यें तिनेंच जाहीर केलें. प्रत्येक भाग जुना असूनही संपूर्ण वस्तु खोटी असूं शकते, ती अशी.

या परीक्षेची खरी निकड वाटणीच्या वेळीं भासते. एका भावाकडे सोनें आणि दुसऱ्याकडे घड्याळ, असा हिशेब ऐकीव किंमतीवर झाला, तर पुढें घड्याळाबरोबर मनेंही बिघडतात. म्हणून परीक्षा आधीं व्हावी, ती लेखी असावी आणि तोंवर घड्याळास पॉलिश करूं नये. पॉलिशनें छाप व अक्षरें झिजतात. खरेदीची पावती, जुनी पेटी, वडिलांच्या मनगटावर तें दिसणारें छायाचित्र, हीं सर्व जपून ठेवावीं. परीक्षेचा निकाल प्रतिकूल लागला, तर किंमत उतरेल. पण ज्या मनगटावर तें तीस वर्षें चाललें त्याची आठवण कोणत्याही बाजारभावानें उतरत नाहीं.